सत्तरीची वाट

पद्माकर म्हणजे हिशेबातला वाघ. सिंगापूरच्या बुकित बातोकमध्ये कोणाही मराठी माणसाचं टॅक्समध्ये घोडं अडलं की तो याच्या फ्लॅटची बेल वाजवणार. घरात मात्र बायकोला याचा एकच शब्द पाठ होता: “कशाला?” संजीवनी म्हणायची, “अहो, जरा पैसे द्या,” की हा पेपरातून मान वर न काढता, “कशाला?” कंजूष नव्हता हो, द्यायचा नेहमी! पण विचारल्याशिवाय नाही.

२०१६ साली दोघांनाही सीपीएफचे, म्हणजे निवृत्तीचे पैसे दरमहा सुरू करता येत होते. संजीवनीची बालवाडीतली नोकरी जेमतेम काही वर्षांची. तिच्या खात्यात भर घातली ती यानंच. शेजारच्या मनोहर-नीतानं मधला मार्ग काढला होता: नीताचे पैसे लगेच सुरू, मनोहरचे वाढायला ठेवलेले. संजीवनीला ते फार पटलं.

“अहो, माझेही आत्ताच सुरू करू या ना. तुमचे राहू देत.”

“कशाला? सत्तरीपर्यंत थांबलो तर दोघांचाही हप्ता घसघशीत वाढतो. तुला आत्ता काय कमी आहे?”

काय कमी होतं, ते तिला धड सांगता येईना. “तुम्हाला त्यातलं कळतं,” म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

आकडेमोड बिनचूक होती. पण मेलं काय करायचंय त्या आकडेमोडीला! सत्तरीला दोन वर्षं असताना, एका सकाळी चहा गाळता गाळता संजीवनी गेली.

तिचे पैसे वारस म्हणून याच्याच खात्यात आले. तिच्या हातात त्यातला एक डॉलरही कधी पडला नव्हता. मुलगी अनघा पुंगोलहून आली, म्हणाली, “बाबा, यातून आईच्या आवडीचं काहीतरी करू.” आवडीचं म्हणजे काय? पद्माकरला सुचेना. जन्मभर ‘कशाला’ विचारलं, उत्तर कधी नीट ऐकून घेतलं नव्हतं. चुकलंच त्याचं, साफ चुकलं.

शेवटी खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत नीता भेटली, तेव्हा त्यानं विचारलं, “तिला काय करायचं होतं हो त्या पैशांचं?”

“काही मोठं नाही, भावोजी. पहिल्या हप्त्यात तुम्हाला ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी नेऊन जेवायला घालणार होती. म्हणायची, यांनी ‘कशाला’ विचारलं तर सांगेन, माझी मर्जी!”

पद्माकरनं समोरची कॉफी बाजूला सारली आणि भर गर्दीत तो ढसाढसा रडला.