नसीमचा अर्ज

"खाला, चाची गेली," नसीमचा पुतण्या फोनवर म्हणाला. मी मेथी निवडत होते. सवयीने विचारलं, "कुठे? धारणीला?" आदल्याच महिन्यात ती तिकडे जीपमध्ये बारा माणसांबरोबर बसून गेली होती आणि परत आल्यावर चार दिवस मान तिरपी करून बोलत होती. मग तो हळूच म्हणाला, "नाही खाला... झोपेतच." तेव्हा कुठे मला कळलं.

अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत आम्ही दोघींनी सव्वीस वर्षं शिकवलं, तिने भूगोल आणि मी इंग्रजी. घरी उर्दू, बाजारात हिंदी आणि स्टाफरूममध्ये अस्सल वऱ्हाडी, असा तिचा हिशेब होता. पुण्याहून आलेल्या आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना ती खडू मागत असली तरी भांडत आहे असंच वाटायचं. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. दुबार पेरणी नेहमीची झाली होती, सकाळचा पेपर उघडायची धास्ती वाटायची. नसीम वर्गात मोसमी वारे शिकवत होती तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हा पुस्तकातला पाऊस कोणत्या गावाले पडते?" वर्ग हसला. नसीम हसली नाही. दिवाळीनंतर त्या मुलीचं नाव पटावरून कमी झालं, अख्खं घर शेत सोडून कामासाठी बाहेरगावी गेलं. "मी तिले उत्तर देल्लं नाई वो सुनंदा," हे नसीम पुढे कितीतरी वर्षं म्हणायची.

दोघी निवृत्त झालो, मी अमरावतीला राहायला आले. त्याला वर्षही झालं नव्हतं, तर ही एसटीने माझ्या दारात हजर. हातात इंग्रजी पेपरचं कात्रण. ख्रिस्ती सिस्टर लोकांची एक संस्था होती. मठांच्या बचतीतून कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि भागधारक म्हणून वार्षिक सभेत उभं राहून कंपनीला जाब विचारायचा, हे तिचं काम. त्यांना विदर्भासाठी 'क्लायमेट जस्टिस'चा समन्वयक हवा होता. वयाची अट छापलेली नव्हती, म्हणजे आपल्यालाच बोलावलं आहे असा नसीमचा समज.

"हवामानाले न्याय म्हंजे? वकील लागते का?"

"ज्यांनी धूर केला नाही त्यांनीच ताप भोगायचा, हे बरोबर नाही. असं काहीतरी."

"मंग तसं लिवाव ना सरळ! निस्तं घाबरवते."

अर्ज भरायला आम्हाला तीन दिवस लागले. 'आपल्या श्रद्धेच्या प्रवासाचं वर्णन करा' असा एक रकाना होता. नसीम म्हणाली, "लिव. अकोला ते अमरावती, मूर्तिजापूरले चहा." मी पेन खाली ठेवलं. तिने ते उचलून परत माझ्या हातात दिलं आणि ती म्हणाली, "लिव, का पोरीनं सवाल केला आन् मास्तरनीले जवाब नाई आला. तवापासून प्रवासच चालू हाय." तेच लिहिलं. भागधारकांशी संबंध? तिच्या नवऱ्याने एका सिमेंट कंपनीचे दहा शेअर घेऊन ठेवले होते. तो गेल्यावर दरवर्षी येणारा गुळगुळीत अहवाल ती फडताळात अंथरायची. या निमित्ताने तिने तो पहिल्यांदा वाचला आणि मला एका फोटोवर बोट ठेवून दाखवलं. अध्यक्षसाहेब हसत रोप लावत होते. "पाह्य, मुळाची प्लास्टिकची पिशवी तशीच हाय. झाड जगीन कसं?"

मुलाखत अमरावतीतच एका वसतिगृहाच्या खोलीत झाली. मी बाहेर बाकावर, दार उघडं. सिस्टरनी नम्रपणे विचारलं, "आमची संस्था ख्रिस्ती. तुम्हाला अडचण नाही ना?" नसीम म्हणाली, "अडचण काहून? कंपनीच्या मीटिंगीत ना नमाज होते, ना प्रार्थना. चहाच असते ना?" आतून हसण्याचा आवाज आला. पण नोकरी मिळाली नाही. ती निखिल नावाच्या एका पदवीवाल्या तरुणाला मिळाली. पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "सुनंदा, नोकरी नाई भेटली त का झालं? शेअर त माह्याच नावावर हायेत."

कंपनीची सभा नागपूरला एका हॉटेलात होती. तिवश्याला गाडी थांबली तेव्हा ती भीतीने दोनदा पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "वापस जाऊ का?" मी म्हटलं, "जाऊ." तशी चिडून गाडीत जाऊन बसली. सभागृहात सूटवाल्या माणसांमध्ये तिची पांढरी ओढणी लांबून दिसत होती. माईक हातात आला आणि ती हिंदी मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "साहब, अहवालातलं ते झाड जिवंत आहे का?" मोठा हशा पिकला. अध्यक्षही हसले. हसू ओसरेपर्यंत ती उभीच राहिली. मग म्हणाली, "मी त्या पेडाची बात करते कारण माझ्या मुलींची केली तर तुम्ही हसणार नाही. आमच्या शाळेवर टिनाचं छत आहे. दुपारी मुली बेंचवर माना टाकतात. तुमच्या भट्टीत कोळसा किती जळतो ते अहवालात आहे, आमच्याकडे काय जळतं ते कुठल्या पानावर आहे?" कोणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "लेखी उत्तर पाठवू." ते उत्तर कधीच आलं नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालातून फोटो मात्र काढून टाकला. नसीम फुशारकीने सांगायची, "एक फोटो त पाडला!"

त्याच सभागृहात मागे संस्थेच्या वतीने निखिल बसला होता. आठवड्याभरात तो अकोल्याला तिच्या घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, मला इथलं काहीच कळत नाही." पुढची सहा वर्षं, एक पै न घेता, ती त्याला गावोगाव फिरवत राहिली. वऱ्हाडी शिकवायचा तिने प्रयत्न केला, तो मात्र फसला. दरवर्षी सभेला दोघं एका रांगेत बसायचे, आणि पुढे पुढे नसीमबाई उभ्या राहिल्या की व्यासपीठावरची माणसं आधीच कागद चाळू लागायची.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी तिच्या घरी गेले. पुतण्या कपाट आवरत होता. त्याने एक पाकीट माझ्या हातात दिलं. निखिल शिक्षणासाठी परदेशी निघाला होता, जागा रिकामी होणार होती, आणि नसीमने मला न सांगता पुन्हा अर्ज भरून ठेवला होता. या वेळी मराठीत, स्वतःच्या गोल अक्षरात. 'कधी रुजू होऊ शकाल?' यापुढे, 'सांगाल त्या दिवशी. शुक्रवार असेल तर दुपारच्या नमाजानंतर.' आणि 'आपले दोष' या रकान्यात, 'सुनंदाला विचारा.'

मी इतक्या मोठ्याने हसले, की आतल्या खोलीतल्या बायका बाहेर डोकावल्या. मग मला काही दिसेना... पुतण्याने पाणी आणलं. मी त्याच्याकडे पेन मागितलं. सव्वीस वर्षं शाळेत आणि त्यानंतरची सगळी वर्षं, एवढ्या काळाचा अनुभव होता माझ्याकडे. खाली बसून लिहायला घेतलं. ऐकत नाही. चहात साखर जास्त टाकते. घाबरते, पण परत फिरत नाही. न विचारता निघून जाते... रकाना कधीच भरला, मी कागद उलटा केला.