बावखल बुजवलं त्याची गोष्ट

पदवीदानाच्या भाषणात ‘सुजाण नागरिक व्हा’ असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं सणकतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो. ग्रामसभेवर चार पानं सरसर लिहायचो, पण भुईगावात जन्म काढूनही ग्रामसभेचं तोंड पाहिलं नव्हतं. ते पाहावं असं कुणा प्राध्यापकालाही वाटलं नाही. परीक्षेत उत्तर आलं की झालं.

त्या हिवाळ्यात आमचं दहा दिवसांचं श्रमदान शिबिर माझ्याच गावात भरलं. काम काय, तर डास होतात म्हणून बावखल बुजवायचं. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठून मुरतं, म्हणून आसपासच्या विहिरी गोड राहतात, समुद्राचं खारं पाणी आत शिरत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं का? होतं. तरी मी घमेलं उचललं, कारण श्रमदानाचे तास भरले नाहीत तर सर्टिफिकेट मिळणार नव्हतं.

शेजारच्या मावशीची केळीची वाडी याच पाण्यावर होती. नवरा गेलेला, दुसरा आधार नाही. पहिल्याच संध्याकाळी तिने मला गाठलं.

“पोरा, तू सरकारचंच शिकतो ना? सांग, ह्ये थांबवायला कोनाकडे जाऊ?”

मला राज्यपालांचे अधिकार तोंडपाठ होते. पंचायतीत अर्ज कुणाच्या नावे करायचा, ते माहीत नव्हतं. शिबिर घेणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, हे सिलॅबसमध्ये नाही, आणि तू राजकारणात पडू नकोस. राज्यशास्त्राचे प्राध्यापक हे! मी मान डोलावून परत घमेलं घेतलं, याची चीड मात्र माझी मलाच येते.

मावशीनं एकटीनं पंचायतीत खेपा घातल्या. कारकुनानं हाकललं तरी पायरीवर बसून राहिली आणि बावखल बुजवायच्या ठरावाची नक्कल घेऊनच उठली. तोवर बावखल सपाट झालं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तो कागद माझ्याकडे आला. ‘गावातील सुशिक्षित तरुणांच्या मागणीवरून’ असं त्यात लिहिलं होतं. खाली आम्हा शिबिरातल्या पोरांची नावं. शिबिराआधी कॉलेजात सरांनी हजेरीचा म्हणून एक कागद फिरवला होता, त्यावर मी न वाचताच सही ठोकली होती. त्या यादीत गावचा मी एकटाच.

“कोनी मागितलं?” मावशीनं विचारलं.

“बाहेरच्या पोरांनी,” मी म्हणालो आणि कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.