भूमध्य समुद्रात मी भरलेलं पाणी

चारी बाजूंनी समुद्र असलेली बोट मी एका सकाळीत कोरडी ठणठणीत केली. याला अक्कल लागते. त्या काळी ती माझ्याकडे भरपूर होती. मी अवघी त्रेसष्ट वर्षांची होते. (आता एकाहत्तरीत बरीच कमी झाली आहे आणि घरात शांतता आहे.)

आमच्या जावयाने, दीपकने, ग्रीसमध्ये सहा दिवसांसाठी एक शिडाची बोट घेतली होती, कप्तानासकट. बेटांच्या कडेकडेने फिरायचं, आवडेल तिथे नांगर टाकायचा, पोहायचं, खायचं, पुढे निघायचं. बोटीवर दीपक, माझी लेक रश्मी, मी, आणि दीपकच्या आई, म्हणजे उल्हासनगरच्या माझ्या सिंधी विहीणबाई, पुष्पाजी. पाचवा कप्तान निकोस. आमचे हे आले नाहीत. "मग इथे पाणी कोण भरणार?" एवढंच विचारून त्यांनी पासपोर्टचा विषय मिटवला.

ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं त्यांना हा प्रश्न कळायचा नाही. बदलापुरात आमच्या शिरगावच्या बिल्डिंगमध्ये पाणी मानाच्या पाहुण्यासारखं येतं. कधी येणार ते सांगत नाही, आलं की सगळी कामं टाकून त्याच्यामागे धावायचं, आणि चहा टाकेपर्यंत ते निघालेलंही असतं! यावर माझा उपाय ठरलेला होता. नळ उघडाच ठेवायचा आणि खाली पत्र्याची बादली लावायची. पाणी आलं की बादली वाजते, बादली वाजली की मी उठते. तीस वर्षांत हा गजर एकदाही चुकला नव्हता.

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या मी जाहीर केलं, "आम्ही मूळचे कोकणातले. समुद्र आमच्या रक्तातच आहे." (मूळचे म्हणजे माझे आजोबा. मी जन्मले अंबरनाथला, आणि समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, चपला हातात धरून.) पुष्पाजींनी मात्र पहिल्या मिनिटाला नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं ते जेवतानाही उतरवेनात.

"पुष्पाजी, झोपताना तरी काढा!" मी हसून म्हटलं.

"बहनजी, समंदर को थोडी पता है की मैं सोयी हूँ?"

मी रश्मीकडे बघून डोळे मिचकावले. किती ती भित्री बाई! असं मला वाटलं होतं, हे लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव येणार नाही.

खरा सगळा घाट होता तिसऱ्या दिवसासाठी. एका ओसाड बेटाच्या कड्यात एक गुहा होती. तिला रस्ता नाही. समुद्रातूनच जायचं, आणि शिडाची बोट आत शिरत नाही म्हणून शेवटचा टप्पा पोहत. तेही सकाळीच, कारण दुपारी उत्तरेचा वारा सुटला की लाटा गुहेचं तोंडच बंद करतात. या गुहेसाठी आमची पस्तिशीची रश्मी वर्षभर बदलापुरात पोहायला शिकली होती, पाचवीतल्या पोरांच्या बॅचमध्ये. ती पोरं तिला काठावरून ओरडून सांगायची, "आंटी, पाय मारा, पाय!" एवढा अपमान गिळून ती इथवर आली होती.

पहिल्याच दिवशी निकोसने आम्हाला बसवून इंग्रजीत मोठं भाषण दिलं. टाकीतलं पाणी जपून वापरा, नळ बंद ठेवा, वाटेत पाणी मिळत नाही वगैरे. मला त्यातले दोनच शब्द कळले: 'वॉटर फिनिश'. बदलापूरच्या बाईला याहून जास्त काय सांगावं लागतं?

त्याची पाठ वळताच मी भरायला घेतलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, थर्मास, घरून आणलेला कुकर, बर्फाची बादली, निकोसने संपवलेल्या वाइनच्या दोन बाटल्या (चांगल्या विसळून). दुसऱ्या दिवशी आणखी. सगळं माझ्या पलंगाखालच्या कप्प्यात नीट रचून ठेवलं. असं मन भरलं म्हणता! परदेशातसुद्धा माझा संसार ओला होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सवयीने जाग आली. नळ सोडला. फुस्स! दुसरा सोडला. फुस्स! स्वयंपाकघरातला सोडला, तोही फुस्स. आता, झोपण्यापूर्वी निकोस पाण्याचा पंप बंद करतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. त्या भाषणात होतं.) मी म्हटलं, गेलं वाटतं पाणी. येईल तेव्हा येईल. तिन्ही नळ उघडे ठेवले आणि वर डेकवर गेले.

वर काय दृश्य होतं! कडे गुलाबी झालेले, टोकावर चिमुकलं पांढरं देऊळ, खाली बकऱ्या दगड हुंगत फिरतायत. एवढ्यात निकोस उठला, त्याने खटाखट बटणं दाबली, पंप सुरू, इंजिन सुरू, बोट निघाली. बादली वाजायला खाली बादलीच नव्हती, आणि असती तरी त्या घरघरीत कोण ऐकतंय? बेसिनचं पाणी थेट समुद्रात जातं. तिथे खाली तीन नळ सुसाट वाहत होते आणि वर मी भिशीच्या बायकांसाठी व्हिडिओ काढत होते: "मैत्रिणींनो, इथले लोक निसर्ग किती जपून वापरतात बघा!"

पाऊण तासाने दीपक तोंडाला फेस घेऊन वर आला. "पानी गया!"

"कधी आलं होतं?" मी पटकन विचारलं.

निकोसने इंजिन थांबवलं. टाकीचा काटा शून्यावर. त्याने कपाळावर हात मारला आणि ज्या बंदरातून आम्ही आलो त्या दिशेला बोट दाखवलं. पाण्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मागे फिरायचं, टाकी भरायची. तोवर दुपार, म्हणजे वारा, म्हणजे गुहा नाही. रश्मी पोहायचा चष्मा कपाळावर तसाच ठेवून नुसती खाली बसली.

"पण एवढं पाणी गेलं कुठे?" दीपक म्हणाला.

इथे मी आयुष्यातली सर्वात नीच गोष्ट केली. म्हणाले, "काही लोकांना रोज केस धुवायची सवय असते, काय करणार!"

पुष्पाजींचे केस ओले होते.

"मम्मी, आपने कितना पानी यूज किया?"

"एक मग, पुट! झूलेलाल की कसम, एक मग!" बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मी कड्यावरच्या बकऱ्या मोजायला लागले.

निकोसला मात्र केसांची गोष्ट पटेना. टाकीच गळत असेल म्हणून तो खाली गेला. मी निर्धास्त होते. टाकी नेमकी माझ्याच पलंगाखाली असते, हे मला तेव्हा कळलं, जेव्हा तो एकेक बाटली वर आणून मांडायला लागला. मग थर्मास. मग बर्फाची बादली. शेवटी दोन्ही हातांत तुडुंब भरलेला कुकर घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम," त्याने अगदी हळुवारपणे विचारलं, "तुमच्या देशात युद्ध चालू आहे का?"

"नो, नो," मी म्हटलं. "बदलापूर."

दीपक सावरून घ्यायला म्हणाला, "पण टाकी खूप मोठी आहे. एवढ्याने रिकामी नाही होणार." तेवढ्यात रश्मी उठली आणि थेट खाली गेली. ती शिरगावात वाढलेली. आतून तिची हाक आली, तीच हाक जी मी तिच्या लहानपणी तिला मारायची.

"आई! तिन्ही नळ उघडे?"

मग सगळं सांगावं लागलं. दीपकने ते हिंदीत केलं, रश्मीने इंग्रजीत, आणि तीन भाषांमध्ये मी सारखीच बावळट निघाले. पुष्पाजींची माफी मागितली. त्यांनी डोळे पुसले, मांडलेल्या बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुट, वापस क्यूं जाना? पीने का पानी तो है. आज कोई नहायेगा नहीं, बस. बहू का गुफा नहीं छूटना चाहिये."

निकोसने कुकरमध्ये डोकावून पाहिलं, विचार केला आणि मान डोलावली. रश्मीने सासूला अशी मिठी मारली की लाइफ जॅकेट कुरकुरलं. मी हीच संधी साधली.

"बघा! मी भरून ठेवलं म्हणून..."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य मी गिळलं, कोरड्याच घशाने.

पाण्याचा सगळा कारभार पुष्पाजींकडे गेला. त्या बाटल्या मांडीशी घेऊन बसल्या.

"पुष्पाजी, घोटभर मिळेल का?"

"बहनजी, आप तो कोकण की हो ना? समंदर पी लो," त्या म्हणाल्या. आणि अर्धा कप दिला. अर्धाच!

साडेनऊला गुहेशी पोहोचलो. पाणी काचेसारखं स्थिर, वारा अजून नव्हता. रश्मीने उडी घेतली, पाय मारत निघाली. मागून दीपक. मग आमच्या भित्र्या विहीणबाईंनी नाक धरलं आणि जॅकेटसकट धप्पकन उडी मारली! वर आल्या त्या चक्क हसत, आणि पाण्यावर डुलत डुलत गुहेकडे निघाल्या.

मला पोहता येत नाही. (रक्तातला समुद्र पायांपर्यंत पोहोचलेला नव्हता.) मी मोठ्या मनाने म्हटलं, "जा तुम्ही. मी बोटीवर थांबते, सगळीकडे लक्ष ठेवते."

"नाही!" पाण्यातून तिघं एकदम ओरडले. निकोसला मराठी येत नव्हती, पण अर्थ त्याला सगळ्यांत आधी कळला. त्याने पंपाचं बटण बंद केलं, त्यावर चिकटपट्टी लावली, रबरी होडी खाली सोडली आणि माझा दंड धरून मला तीत बसवलं.

गुहेत शिरलो तेव्हा सगळं निळं होतं. पाणी, दगड, माझे हातसुद्धा. मध्यभागी रश्मी पाठीवर तरंगत मोठ्याने हसत होती, आणि तिचं हसू वरच्या दगडांवरून परत खाली येत होतं. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. लोक ती गुहा बघायला जगभरातून हौसेने येतात. मला तिथे धरून नेण्यात आलं, कारण नळापाशी मला एकटीला ठेवायची हिंमत अख्ख्या भूमध्य समुद्रात कोणाचीच नव्हती.