वेण्णा तळ्यातला जावईमान

अधिक महिन्यात जावई साक्षात नारायण असतो. शास्त्र तसं सांगतं, आणि सांगलीची माझी आई त्याला पाटावर बसवून, ओवाळून, पुरणाचे धोंडे वाढून ते सिद्धही करायची. हा अवतार महिनाभर टिकतो. त्यानंतर पुढचा अधिक महिना येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, नारायणाला स्टँडवरून आपली ट्रंक आपणच उचलून आणावी लागते.

आमच्या नारायणाची आणखी एक अडचण होती. मूळचा देव क्षीरसागरात राहतो. माझा नवरा दुष्काळी माणदेशातला. मेंढरं राखणाऱ्या घरातला. फौजेत गेला, तर नेमणूकही राजस्थानात. कृष्णेच्या पाण्यावर वाढलेल्या माझ्या माहेराला एवढी गंमत वर्षानुवर्षं पुरली. विशेषतः मामांना. मामा सांगलीत वकिली करत. तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत त्यांनी वल्हं मारलं होतं, आणि हे कोणी विसरू नये याची काळजी तेच घेत. जावई दारात आला की पहिला प्रश्न, "काय जावईबापू, आंघोळ करणार, की सवय नाही?" सगळे हसत. नवराही हसे. कधी हसायचं हे फौजेत शिकवत असावेत.

सत्तर सालानंतर एका वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. मामांनी जाहीर केलं, "या खेपेला जावयाला वाणात महाबळेश्वर देऊ. एकदा डोळे भरून पाणी तरी पाहू दे." मामा, मामी आणि आम्ही दोघं असे एसटीने निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर मामा कंदी पेढे घ्यायला उतरले, तेव्हा नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ही शेवटची खेप. फुडच्या बारीला माहेरी तू एकटीच जायाचं."

आवाज चढलेला नव्हता. तो एकदा बोललेलं पुन्हा बोलत नसे, आणि मागेही घेत नसे. त्याला सुट्टी वर्षातून एकदाच मिळायची, आणि एरवी मला सासरहून माहेरी जाता येत नसे. म्हणजे यापुढे दर सुट्टीत मला नवरा तरी भेटणार होता, नाहीतर आई. पुढचा सगळा घाट मी झाडांकडे बघितलंच नाही.

वेण्णा तळं देखणं आहे, हे मान्य करायला हवं. चारी बाजूंनी गर्द झाडी, तिची सावली पाण्यात हिरवीगार उतरलेली, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत पाठीला गार वाटेल असा वारा. मामांनी डोक्यावरची सोलर हॅट नीट केली आणि हे तळं आपणच खणून घेतलं असावं अशा थाटात ते आम्हांला दाखवलं. नवरा बराच वेळ काठावर उभा राहिला. मग म्हणाला, "हितं कितीबी मेंढरं आणली तरी पुरंल." त्या तळ्याची याहून चांगली स्तुती मी नंतरही ऐकलेली नाही.

मामा हसले. "चला, मग शर्यत लावू. पलीकडच्या झाडीपर्यंत जाऊन परत. झेपेल का?"

"बघू की," नवरा म्हणाला.

दोन होड्या घेतल्या. एकीत मामा-मामी, दुसरीत आम्ही. नवरा झाडीकडे तोंड करून बसला आणि त्यानं वल्ही हातात घेतली. होडीवाला ओरडला, "सायेब, उलटं बसलाय तुमी!"

"उलटं तुमीच बसवताय, गड्या. जायाचं तिकडं पाठ करून कोण जातंय? मेंढरामागं चालणारा बी म्होरं बघतो."

मामा अर्थातच शास्त्रशुद्ध बसले होते. झाडीकडे पाठ, आमच्याकडे तोंड. त्यामुळे त्यांना आमची फजिती पूर्ण दिसत होती, आणि ती पाहण्यासारखीही होती. आमची होडी आधी स्वतःभोवती फिरली, मग धक्क्याला धडकली, मग एकदाची निघाली. नवरा वल्ही ओढण्याऐवजी ढकलत होता आणि तोंडानं "एक दो, एक दो" म्हणत होता. "जावईबापू, पाणी आहे ते, वाळू नव्हे!" मामांचा आवाज तळंभर घुमला.

त्यांच्यासमोर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन मामी बसल्या होत्या. त्यांचं तोंड झाडीकडे होतं.

"अहो, तिकडे जरा..."

"मधे बोलू नकोस."

"अहो, काठ आला..."

"वल्हवताना बोलत नाहीत!"

मामींच्या संसाराला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पुडा सोडला आणि एक पेढा तोंडात टाकला. मामांची होडी काठाच्या गाळात शिरली आणि मऊपणे थांबली. मामांनी जितका जोर लावला तितकी ती रुतत गेली.

एव्हाना आमच्या होडीला लय सापडली होती. समोरचं सगळं दिसत असल्यानं नवरा गाळ चुकवून गेला, झाडीपाशी वळला आणि मामांच्या जवळ आला. तो सरळ पुढे गेला असता तर शर्यत त्याचीच होती. पण त्यानं वल्ही थांबवली.

"मामा, दोर टाका हिकडं."

मामांनी मुकाट्यानं दोर टाकला. नवऱ्यानं बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली आणि एक दो, एक दो करत मामांची होडी गाळातून उपसून काढली. परत येताना त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पाहायचं काम मी केलं, आणि मनसोक्त केलं. धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा उतरले, हॅट काढली आणि म्हणाले, "जावईबापू, वाचवलंत."

आंघोळीचा प्रश्न त्यानंतर कधी आला नाही. पुढच्या सुट्टीत सांगलीची तिकिटं नवऱ्यानंच काढली. मामांनी ती सुटका कोर्टात, लग्नांत, मुंजीत इतक्यांदा सांगितली की दोन-तीन वर्षांत तिच्यात एक भोवराही आला. जावई नसता तर आपण आज दिसलो नसतो, असं ते डोळ्यांत पाणी आणून सांगत, आणि आई ताबडतोब जावयाला आणखी एक धोंडा वाढे.

या हकिकतीत मामी कुठंच नसत. होडी रुतल्याबरोबर त्यांनी नऊवारी वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि पोटरीभर पाण्यातून काठावर येऊन त्या काठाकाठानं थेट धक्क्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत गेल्या. आम्ही मामांना धक्क्याला आणून लावलं तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालला होता.