कळवणची बस, लेकीचं बाळंतपण आणि माझे हातपाय

माझ्या खानावळीत जेवणारी पोरं लडाखला जाऊन येतात आणि इंटरनेटवर असं लिहितात की जणू तिथले डोंगर यांनीच उभे केले. वाचून वाचून कंटाळले. म्हटलं, आपण पण लिहू. मी लडाखला नाही, नाशिक रोडहून कळवणला गेले. शिक्षण चौथीपर्यंत. समोरच्या सायबर कॅफेत दुपारी गर्दी नसते, एका बोटाने टाइप करते. चुका सापडल्या तर आपल्याशीच हसा, मला कळवू नका.

जायचं का ठरलं ते आधी सांगते. मागच्या दिवाळीआधी आमचे हे गेले. सिटी बसमध्ये, खिडकीला टेकून, बसल्या जागी. लोकांना वाटलं डुलकी लागली. तेव्हापासून मला पोळ्या लाटता लाटता मधेच काहीतरी व्हायला लागलं. छाती धडधडायची, हातांना मुंग्या यायच्या, वाटायचं आता माझा नंबर. दवाखान्यात छातीची ती ईसीजीची पट्टी काढली, चांगली आली. पुन्हा काढली, पुन्हा चांगली. बसमध्ये पाय टाकणं तर बंदच झालं.

शेवटी एका तरुण डॉक्टरणीने सांगितलं, "काकू, हे हृदयाचं दुखणं नाही, घाबरण्याचं आहे. असं झालं की आधी पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या. मग मांड्या, पोट, छाती, खांदे, जबडा. एकेक जागा तपासा. तिथे काय होतंय ते मनात म्हणा."

मी म्हटलं, "पाय जमिनीलाच असतात हो. छताला कुणाचे असतात?"

ती हसली. फी मात्र पूर्ण घेतली.

माझी एकुलती एक लेक वैशाली कळवणला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण तिच्या पायांना सूज आली, बीपी वाढलं, तिथल्या डॉक्टरांनी प्रवासच बंद केला. फोनवर म्हणाली, "आई, तू येशील ना गं?" मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवून ओट्याला धरून उभी राहिले. एवढ्या लांबची बस. वाटेत मलाच काही झालं तर तिच्याजवळ कोण?

त्यात आमच्यातली रीत. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मी आजवर तिच्या घरचा चहासुद्धा प्यायले नव्हते. म्हणून फडक्यात बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या बांधल्या. खानावळ बहिणीच्या गळ्यात मारली आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: नाशिक रोडहून आधी सिटी बसने जुन्या स्टँडला या, तिथून दिंडोरी-वणीमार्गे कळवणची एसटी मिळते. सकाळची पकडा, दुपारी पत्रा तापतो. तिकीट परवडतं. चाकावरची सीट घेऊ नका, कंबर तुमची आहे, महामंडळाची नाही. दिंडोरीच्या आसपास दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव लागतात, घडांना कागद गुंडाळलेले, हिरवं आणि पांढरं. सुंदर म्हणे. मी बघितलंच नाही. मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसले होते.

दिंडोरी सुटली आणि आलंच. घाम, धडधड. खिडकीकडे बघवेना. शेजारी सटाण्याकडची एक म्हातारी होती. म्हणाली, "काय व्हयनं वं माय?"

"काही नाही. पाय बघतेय."

तिने वाकून माझे पाय बघितले. "शेतस दोन," म्हणाली. म्हणजे, आहेत दोन.

तिला हसू आलं, मला रडू. पण खरंच बघितले मी पाय. चपला काढल्या, तळवे बसच्या पत्र्यावर टेकवले. पत्रा थरथरत होता, पाय थरथरत होते, कुणामुळे कोण ते कळेना. मांड्या आवळलेल्या. जबडा असा दाबलेला की सुपारी फुटली असती. तो सोडला तर खांदे आपसूक खाली आले. धडधड काही गेली नाही. पण धडधडत धडधडत वणी आली.

वणीला बस थांबली तेव्हा मी पिशवी उचलली. उतरायचं, समोरची नाशिकची गाडी धरायची आणि घरी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कळवण पुढं हाय."

"माहितीय मला!" अशी खेकसले की तो तिकिटाची पेटी घेऊन मागेच गेला. त्या रागातच परत बसले. राग मोठा कामाचा असतो, हे मात्र डॉक्टरणीने सांगितलं नव्हतं.

नांदुरीपुढे रस्ता वळणावळणाचा आहे. उलटी होणाऱ्यांनी लिंबू ठेवा. नंतर कांद्याची शेतं लागली की समजा, आलं कळवण.

लेकीच्या घरी पोचले तर ती सूज आलेल्या पायांनी दारात. गळ्यात पडली. तिची सासू, म्हणजे माझी विहीण सुमनबाई, तोंडाने फटकळ, माझ्यासारखीच. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"राहिलंच. तुम्हाला आमचं पाणी चालत नाय."

"रीत आहे विहीणबाई."

"रीत लय चांगली. तुम्ही चक्कर येऊन पडल्या की उचलायची रीत आमच्याकडंय."

रात्री माझ्या भाकऱ्या मी खाल्ल्या. सकाळी स्टँडजवळ मिसळ खाईन म्हटलं होतं. कळवणची मिसळ खा, तर्री वेगळी मागा, नाहीतर कान पेटतील. मला ती परत निघताना मिळाली, त्या सकाळी नाही. कारण उजाडायच्या आत वैशालीला कळा सुरू झाल्या. जावयाने जीप आणली, आम्ही दवाखान्यात.

बाकावर मी आणि सुमनबाई. आत लेक. तिथली नर्स मधूनमधून बाहेर यायची, "वेळ आहे" म्हणायची आणि जायची. सुमनबाईंनी घरून डबा आणि पाण्याचा तांब्या मागवला. मला दिला, मी नको म्हटलं. माझ्या भाकऱ्या रात्रीच संपलेल्या, बाटल्या लेकीच्या घरीच राहिलेल्या. बाहेर जाऊन काही खाऊन यावं तर वाटे, तेवढ्यात आतून हाक आली तर?

दुपार कलली. नर्स म्हणाली, "पेशंट आईला बोलावतेय. या आत."

मी उठले आणि डोळ्यांपुढे काळोख. हात लटलटायला लागले. झालं, आलं तेच. आता लेकीच्या डोळ्यांदेखत पडणार मी. आधी बाप गेला, आता आई. नर्सला म्हटलं, "तुम्ही हिच्या सासूला न्या. मला नाही जमत."

आतून आवाज आला, "आई!"

भिंतीला टेकले. पाय. फरशी थंड, पाय थंड. मांड्या ढिल्या, बसमध्ये होत्या तशा आवळलेल्या नाहीत. छातीवर हात ठेवला. धडधड नाही! ठोके नुसते मंद, थकलेले. खांदे ठीक. जबडा सुटलेला. पोट... आणि पोटाने असा आवाज काढला की नर्स वळून बघायला लागली.

अगं भवाने, ही भीती नाही. ही भूक आहे!

महिनोन्महिने भीतीच येत होती, म्हणून माझ्या अंगाला दुसरं काही होऊ शकतं हेच मी विसरले होते. काल रात्रीपासून उपाशी बाई, तिचे हात लटलटणार नाहीत तर काय होणार?

सुमनबाई डब्याचं झाकण उघडून उभ्याच होत्या. "विहीणबाई, खाता आता, का तुमच्यासाठी पण खाट मागू?"

मी डबा घेतला. उभ्या उभ्या भाकरी, वर झुणका, वर त्यांच्याच तांब्यातलं पाणी. आमच्या सासूबाई वर बघत असतील तर बघोत. त्यांना कधी कुणाला धरून उभं राहावं लागलं नव्हतं.

आत गेले. वैशालीने माझं मनगट धरलं, अजून वळ आहे. मला वाटलं आपल्याला विद्या आलीय, तर वापरू. म्हटलं, "बाळा, पाय कुठे टेकलेत ते जाणव."

"आई, पाय माझेत! कुठेत ते मला माहितीय! तू फक्त गप्प उभी राहा!"

राहिले. गप्प, उभी, शेवटपर्यंत. मुलगी झाली. काळीसावळी, आजोबांचं कपाळ घेऊन आलेली. रडले मी, पण ते रडणंच होतं. त्याला दुसरं नाव द्यावं लागलं नाही.

बाहेर आले तर सुमनबाई घड्याळाकडे बघत होत्या. "थोडा दम धरला असता तर रीत पण राहिली असती."

"आणि मी?"

"तुम्हाला कोण विचारतंय? डबा धुवून द्या."

तिसऱ्या आठवड्यात परत आले. त्याच रस्त्याने, खिडकीच्या सीटवर. द्राक्षं बघितली. बरी आहेत, लिहितात तेवढं काही नाही. दिंडोरीच्या अलीकडे धडधड आली. भूक लागलीय का, पोटाला विचारलं, तर नव्हती, मिसळ खाऊन बसले होते. म्हणजे ही भीती खरी होती. माझ्याबरोबर नाशिकपर्यंत आली, मी पण तिला उतरवायला गेले नाही.

लोक विचारतात, बरं वाटतं का आता? काय सांगू. अंग तपासल्याने भीती जात नाही. कोण आलंय तेवढं कळतं. भूक, राग, झोप, गुडघा, नवऱ्याची आठवण. सगळ्यांना मी एकच समजून घाबरत होते.

परवा संध्याकाळी वैशालीचा फोन. बाळ रडायचं थांबत नाही, आणि हिची छाती धडधडतेय, हाताला मुंग्या. मी पट्कन म्हटलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"जेवले गं. भाकरी, पिठलं, डिंकाचा लाडू. सासूबाई समोर बसून खाऊ घालतात. तरी होतंय."

आता काय सांगायचं? माझं शहाणपण एवढंच होतं. बाहेर पोरं ताटं वाजवत होती, "मावशी, पोळ्या!"

"आज उशीर होईल," मी ओरडले. आणि फोनमध्ये म्हटलं, "मग घाबर थोडी. मी फोन ठेवत नाही."