तेल पिणारी बोट आणि माझे साडभाऊ

वर्धा जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या इंजिनांची तब्येत माझ्या साडभाऊंना ठाऊक असते. माणसांपैकी मात्र फार तर चौघांची, आणि त्या चौघांत ते स्वतः नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई चार वर्षांपूर्वी गेल्या. नात्यातला मधला दुवाच निखळला, तरी मी त्यांना अजून भाऊजी म्हणतो आणि ते मला पाहुणे म्हणतात. बस आगारात जन्मभर मेकॅनिकी करून निवृत्त झाले, ते वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेत दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांच्याशी बोलायला बसावं तर त्यांचा एक कान कायम रस्त्याकडे. मध्येच हात वर करून आपल्याला थांबवतात, "ऐका, ऐका." आपण ऐकतो, वेगळं काही ऐकू येत नाही. ते खिन्नपणे सांगतात, "टॅपेट वाजून राह्यले. मालकाले पत्ताच नाई." भाच्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी जनरेटर खोकतोय असं वाटून ते मांडवामागे गेले, ते पंगती उठल्यावर सापडले. लग्नाच्या अल्बमात ते आहेत, पण फक्त गुडघ्यांपासून खाली. ताप आला तरी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. "डॉक्टर माणसाले झोपवून पाह्यते. बंद गाडीत काय समजते?" आणि रविवारी काम नसताना वर्ध्याहून आष्टीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात, आष्टीला चहा पितात आणि त्याच बसने परत येतात. कुणाकडे गेला होता विचारलं, तर म्हणतात, "कोणाकडं नाई. गाडी कशी आहे ते पाहाले गेलतो."

मी तळेगावला राहतो आणि आष्टीला एका सरकारी कचेरीत बाबू आहे. धरणाच्या फुगवट्याचं पाणी आमच्याकडे उथळ, त्यात पाणवनस्पती आणि बुडालेल्या बाभळींचे खुंट. साध्या बोटीचा पंखा त्यात अडकतो, म्हणून पुराच्या कामासाठी कचेरीने हवेवर चालणारी बोट घेतली. बूड सपाट, मागे जाळीत माणसाच्या उंचीचा पंखा आणि त्याला मोटारीसारखं इंजिन. ती चालवायला वसंता होता. पन्नाशीचा, काठावरच्याच गावचा, बोटीला म्हशीसारखं धुणारा. या बोटीला तेल पिण्याचं व्यसन लागलं. फेरीमागे लिटर लिटर इंजिन ऑइल जाई आणि मागे निळा धूर राही. नागपूरचा कारागीर येऊन म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल, तीन महिने लागतील. मिरग तीन आठवड्यांवर आला होता. साहेबांना वेगळाच संशय आला. बोट तेल पीत नाही, वसंता विकतो. त्याला नोटीस निघाली आणि ती टाइप केली मी. मग मनाला लागलं, म्हणून भाऊजींना बोलावलं. नोटिशीचं मात्र बोललो नाही. लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी ते पहिल्या बसने हजर. बोटीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, धुराचा वास घेतला, डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचं तेल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "घाई नाई कराची. पाहा लागते." मग रोजच येऊ लागले. एक दिवस प्लग काढून पाहिले, एक दिवस कॉम्प्रेशन मोजलं, एक दिवस अख्खं इंजिन पुसून कुठे पाझरतं का ते बघत बसले. दुपारी वसंताची बायको शीला भाकर आणि वांग्याची भाजी आणायची, आणि करंजाच्या सावलीत तिघे जेवायचे. मी सुटीच्या दिवशी गेलो तर भाऊजी चक्क हसत होते. शीलाबाई त्यांना वाढता वाढता दटावत होती, "भाऊ, इंजिन कुठं पळून नाई चाललं, पोटभर जेवा." ताई गेल्यापासून त्यांच्यावर कुणी असा आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

आठव्या दिवशी त्यांनी काठावर ओढून ठेवलेल्या बोटीत, इंजिनाशेजारी चहाची बशी ठेवली. "वसंता, चहा कुकडे चालला?"

"मांगं," वसंता म्हणाला.

"तेलबी तसंच मांगं जाते. पट्टी आहे समोर. तू सकाळी इथंच उतारावर मोजतं, पट्टी कमी दाखवते, तू ओततं. पाण्यात बोट सपाट झाली का तेल जास्त. फिरत्या दांड्यात घुसळून फेस होते, श्वास सोडाच्या नळीतून वर जाते अन् हवेसंगं जळते. इंजिन तेल पेत नाई राजा, तू पाजून राह्यला."

जास्तीचं तेल काढलं, नळी साफ केली, बोट पाण्यावर सपाट ठेवून डिपस्टिकवर कानशीने नवी खूण केली. दोन तास फिरवली तर धूर नाही, आणि तेलही होतं तिथेच. वसंता बोटीवर डोकं टेकून रडला. भाऊजी गोंधळले.

मोटारसायकलवर बसस्टँडकडे येताना मी म्हणालो, "भाऊजी, तुमच्यामुळं त्याच्यावरचा चोरीचा आळ गेला."

"कायचा आळ?"

मी नोटिशीचं सांगितलं; वसंतानेही लाजेने ते त्यांना कळू दिलं नव्हतं. मागून त्यांनी माझा खांदा दाबला. मग, "गाडी फिरवा."

वसंताच्या दारात ते उभेच राहिले. "मले पहिल्याच दिशी समजलं होतं. तुयावर आळ आहे हे मले मालूम नोहतं. आठ दिवस म्या फुकट लावले." शीलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फुकट काऊन? जेवले नाई का आमच्यासंगं? येत जा, भाऊ." ते मान खाली घालून परतले.

मीही हात जोडून साहेबांपुढे उभा राहिलो आणि नोटीस मागे घेतली गेली. पावसाळ्यात बोटीने दोन गावांतली माणसं काढली. वसंता मला भेटला की विचारायचा, "भाऊ काऊन नाई येत?" मी निरोप पोचवायचो. भाऊजी म्हणायचे, "बोट बरी आहे ना? मंग?"

परवा सिंदी मेघेला गेलो तेव्हा मी जरा रागावलोच. "भाऊजी, शीलाबाई वाट पाहते. एवढा काय मान?"

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या, पण भाऊजींचा कान तिकडे नव्हता. मग हळूच म्हणाले, "मान नाई हो. कुठं काई बिघडलं असलं तर मले जाता येते. सगळं बरं असलं का कसं जा लागते, ते तुमच्या ताईले मालूम होतं. मी तिच्या मांगून जात जावो."

"रविवारी माझ्यासोबत चला."

"रिकाम्या हातानं?"

"केळी घ्या."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचार केला. एखादं इंजिन खोलायच्या आधी करतात तसा. मग विचारलं, "किती घ्या लागतात?"

मी चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो. "डझनभर पुरे," म्हणालो.