हुंदका

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक वायर चुकीच्या भोकात गेली आणि तिथेच तो अडकला. त्याच्या सिंथेसायझरवर आवाज आधी फिल्टरमधून जायचा, तिथे त्याची धार कमी व्हायची, मग तो एकोत जाऊन घुमायचा. घाईघाईत त्याने उलटं जोडलं: आधी एको, मग फिल्टर. फिल्टरचं बटण फिरवत मिटवलं, तसे सुरासोबत घुमणारे पडसादही गुदमरत गेले. कुणी हाक मारावी आणि आतून दार लोटलं जावं, तसा आवाज. टीव्ही मालिकेत सून रडताना तो वाजला आणि घरोघरी बायका डोळे पुसू लागल्या.

स्टुडिओ मेहुण्याचा. त्याने त्या आवाजाला ‘हुंदका’ नाव दिलं, वायर चिकटपट्टीने जखडली आणि आपल्या बहिणीचं, म्हणजे याच्या बायकोचं, नेलपॉलिश आणून बटणाची जागा लाल ठिपक्याने पक्की केली.

“भावोजी, याला आता हात लावायचा नाही.”

तेव्हापासून सून रडली की हुंदका, सासरा गेला की हुंदका. एकदा तर मांजर हरवलं तरी हुंदका. लोक त्याला हुंदकेमास्तर म्हणत. तो हसण्यावारी न्यायचा आणि आतल्या आत जळायचा.

अशात एका दिग्दर्शिकेने निरोप धाडला. नवी मालिका होती, नवी माणसं. “तुमचं स्वतःचं काहीतरी ऐकवा. रडकं नको.” पन्नाशी उलटलेल्या माणसाला सुटकेची अशी संधी पुन्हा कोण देणार होतं?

मेहुणा बाहेरगावी गेला असताना बाई आल्या. त्याआधी याने चिकटपट्टी सोलून काढली, नखाने लाल ठिपका खरवडला आणि वायरी सरळ जोडल्या. मग वाजवायला बसला. फिल्टर मिटला तरी आधीचे पडसाद मोकळे हिंडत राहिले. किती वर्षांनी! त्याचा ऊर भरून आला.

“छान आहे,” बाई पर्स उचलत म्हणाल्या. “पण असं कुणीही वाजवेल हो.”

त्याला काय करावं सुचेना, आणि मनाने काही ठरवायच्या आतच हाताने वायर उपसून जुन्या भोकात खुपसली. दोन सूर वाजले, कोंडले, विझले.

बाईंनी पर्स खाली ठेवली.

“हे बघा, हे तुमचं.”

“तुम्हीच म्हणालात, रडकं नको.”

“म्हणाले खरी. पण हेच ठेवू या, सगळ्या भागांना. सोमवारपासून या.”

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, “मिळालं का काम?”

“मिळालं.”

“मग तोंड का असं एवढंसं?”

त्याने चपला काढून ठेवल्या.

“तुझं ते लाल नेलपॉलिश दे जरा,” तो म्हणाला. “जुना ठिपका पुसला गेलाय.”